'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका : नांदेड-लातूरच्या वस्त्यांतला मनाचा ताण

झोप न लागणे, छातीत धडधड, सतत चिडचिड, कशातच मन न लागणे. हे दोन आठवड्यांहून जास्त चालले, तर तो मनाचा आजार असू शकतो. मोहल्ल्यात आपण त्याला 'टेन्शन' म्हणतो. कधी 'बाहेरची बाधा' म्हणतो. कारणे मात्र बहुधा रोजच्या जगण्यात सापडतात.

रोजगार : नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली, तशी महिन्याच्या पगाराची कामेही गेली. आता हातगाडी, रिक्षा, हमाली. एक दिवस ताप आला की त्या दिवसाची कमाई बुडते. उद्याचा भरवसा नसेल तर मन पोखरत जाते.

कर्ज : आठवड्याचा हप्ता चुकला की दारात बोलणी आणि शेजाऱ्यांसमोर बेइज्जती. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम सांगतात की वर्षाला ३ लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त नसावेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ यांनाही मनाई आहे.

पाणी आणि घर : २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी होती. अशा टंचाईत रात्र जागायची ती बायकांनीच. एका खोलीत सहा-सात माणसे असतील, तर रडायलाही जागा नसते.

आम्हा शिक्षकांना घरातला ताण आधी हजेरीपटावर दिसतो. हुशार पोरगा गैरहजर राहू लागतो, मग कळते की तो गॅरेजवर जातोय.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत कमी उत्पन्नाच्या घरांत मानसिक आजार जास्त आढळले, आणि बहुतेकांवर उपचारच होत नव्हते.

मदत कुठे? टेली-मानस, फोन १४४१६ : मोफत, चोवीस तास, मराठीतही. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असे हा कायदा धरतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

दुआ जरूर करावी, पण दवाही घ्यावी. आणि घरात कोणी 'आता जगून काय करू' म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी फोन करा.