उचल घेऊन केलेलं लग्न

गुलामगिरीवर बोलायला लागलो की आपण चाबूक सांगतो, बेडी सांगतो, बाजारातला भाव सांगतो. गुलामाचा जीव कोणावर जडला होता, हे कोणी विचारत नाही. मालकाच्या वहीत ते कलम नव्हतं, म्हणून आपल्याही वहीत नाही. पण मालकाला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं त्याचंच दावं वळलं आणि गड्याच्या गळ्यात बांधलं.

पुरावा पाहिजे? ठाणे जिल्ह्यातले तेव्हाचे डहाणू, उंबरगाव तालुके घ्या. वारली पोराला लग्न करायचं तर पैसा जमीनदाराकडे. तो घेतला की पोरगा त्याचा 'लग्नगडी'. कर्ज फिटेपर्यंत फुकट राबायचं. आणि ते फिटायचं कधीच नाही, कारण हिशेब मालकाचा, अंगठा गड्याचा. बायकोही त्याच वाड्यावर राबायला जायची. तिच्या अंगावरही मालक आपलाच हक्क समजे. जिच्यासाठी माणूस गुलाम झाला, ती त्याच्या हातची गेली! तरी लोक लग्नं करत होते. ह्याला अडाणीपणा म्हणणारे शिकलेले लोक मला भेटलेत. मला तसं वाटत नाही. ज्याच्यापाशी स्वतःचं काहीच नाही, त्याला एक माणूस तरी आपलं म्हणायचं होतं.

23 मे 1945 रोजी तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर पुढं होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, असं ठरलं. मग गावोगाव फिरून लग्नगडी मोकळे केले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे आहे. बावटा लाल होता, निळा नव्हता, म्हणून आपल्या पोरांनी ते वाचू नये काय?

जोतीरावांनी असला कोतेपणा केला नाही. 1873 साली 'गुलामगिरी' छापली ती काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. त्या काळ्या गुलामांतलाच एक फ्रेडरिक डग्लस. बाल्टिमोर शहरात त्याचं ॲना मरे नावाच्या बाईवर मन बसलं. ती गुलाम नव्हती, लोकांच्या घरी काम करायची. तिनं साठवलेला पैसा दिला, पिसांची गादी विकली. एका काळ्या खलाशी दोस्तानं आपले कागद दिले. पकडले असते तर तो दोस्तही मेला असता. कागदातलं वर्णन डग्लसशी जुळतही नव्हतं! 3 सप्टेंबर 1838 ला खलाशाच्या कपड्यात तो गाडीत बसला आणि निसटला. 15 तारखेला न्यूयॉर्कात दोघांचं लग्न झालं. पुढं गुलामगिरीविरुद्ध गर्जणारा हा पुढारी एका बाईच्या पैशावर आणि एका दोस्ताच्या कागदावर सुटला होता.

आता आपलं खानदेश. इथं लग्नगडी म्हणत नाहीत, सालदार म्हणतात. आखाजीला साल ठरतं, आखाजीला संपतं. लग्नाला उचल घेतली की एका सालाचं दुसरं साल होतं. शहाद्याकडे भिल्ल सालदारांचे हाल पाहून अंबरसिंग सुरतवंती उठला. 1972 ला श्रमिक संघटना उभी राहिली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. वेठबिगारी बंदीचा कायदा आला 1976 ला.

त्या सुमाराला माझा आजा सालदार होता, लग्नाच्या उचलीपायी. झोपायला गोठ्यात, बैलांजवळ. नवी नवरी वस्तीत एकटी. जोडीला एक भिल्ल सालदार होता. तो म्हणायचा, जाय तू, बैल मी पाहतो. आजा रात्री शेतातून पळत घरी जायचा, कोंबडा आरवायच्या आत परत. एकदा बैल सुटला. मालकानं भिल्लाला मारलं, विचारलं, दुसरा कुठंय? त्यानं सांगितलं नाही.

सूतगिरणीतून मी रात्रपाळी करून येतो तेव्हा आजी जागी असते. तीच हे सांगते. त्या माणसाला ती भाऊ म्हणते. आखाजीला आमच्याकडून त्याच्या घरी सांजोऱ्या जातात.