डेटाबेसमधील कॅपिटल-स्मॉल भेद

रोमन लिपीतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे रिलेशनल डेटाबेसने वेगळी मानायची की एकच, हे ठरवणारी व्यवस्था. टेबलांची नावे आणि टेबलांत भरलेला मजकूर यांसाठी ती स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

माय-एसक्यूएलमध्ये टेबलाचे नाव डिस्कवरील फाइलशी निगडित असल्याने ऑपरेटिंग सिस्टिमनुसार वागणूक बदलते. समजा, मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगड बंदरातल्या (ता. रत्नागिरी) होड्यांच्या नोंदींचे टेबल विंडोजवर केले आणि त्याच्या नावातले पहिले अक्षर कॅपिटल ठेवले. विंडोजवर ते नाव मुकाट्याने स्मॉल अक्षरांत साठवले जाते आणि क्वेरी कशीही लिहिली तरी चालते. बॅकअप लिनक्स सर्व्हरवर चढवला की नाव स्मॉल, क्वेरीत मात्र कॅपिटल. मग ११४६ क्रमांकाची एरर येते, ‘असे टेबल नाही’. टेबल यादीत दिसत असूनही! स्तंभांच्या नावांना हा नियम लागू नाही, त्यामुळे नवखा माणूस अधिकच गोंधळतो.

‘लोअर_केस_टेबल_नेम्स’ या सेटिंगचे मूल्य लिनक्सवर ० (भेद पाळणे), विंडोजवर १ (स्मॉल करून साठवणे) आणि मॅकओएसवर २ (दिले तसे साठवून तुलनेपुरते स्मॉल करणे) असते. आवृत्ती ८.० पासून ते सर्व्हर प्रथम उभारतानाच ठरवता येते. नंतर बदलल्यास सर्व्हर सुरूच होत नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून सर्व नावे स्मॉल अक्षरांतच ठेवावीत, यापेक्षा भरवशाचा उपाय नाही. पोस्टग्रेस अवतरणाविना लिहिलेली नावे स्मॉल करते, ओरॅकल कॅपिटल. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध येत नाही.

मजकुराची तुलना कोलेशन ठरवते. नावात ‘सीआय’ असलेले कोलेशन रोमन लिपीतील पूर्णगड कॅपिटलमध्ये लिहिला काय नि स्मॉलमध्ये काय, एकच गाव धरते. ‘बिन’ असलेले प्रत्येक रूप वेगळे मोजते. स्पेलिंग ‘यू’ने केले की दोन ‘ओ’ंनी, हा फरक मात्र कोणतेच कोलेशन मिटवत नाही.

देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून मराठी मजकूर सुरक्षित, असे समजू नये. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बिन कोलेशनमध्ये शोध घेतल्यास एक सापडतो, दुसरा निसटतो. त्यासाठी मजकूर भरण्यापूर्वीच एनएफसी या एकाच रूपात आणावा लागतो.