थाळीतलं वर्तुळ आणि रक्तातला जंतू

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनौषधींचा विषय निघाला की एक दावा हमखास कानी पडतो: आमच्या जंगलात अँटिबायोटिकची झाडं उभी आहेत, कंपन्यांना ती नको आहेत एवढंच. पुराव्यादाखल हिरडा, बेहडा, मोहाची साल यांची नावं घेतली जातात. शिंदी तर खजुराचीच रानातली बहीण. खजुराच्या अर्काने जंतू रोखल्याचे शोधनिबंध निघाले, म्हणून तिलाही तो मान मिळतो.

निबंध खोटे नाहीत. त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. प्रयोगात काचेच्या थाळीतल्या आगरवर जंतू पसरतात, आगरला भोक पाडून त्यात अर्क सोडतात आणि थाळी रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं की अर्क ‘जंतुनाशक’ ठरतो. सिद्ध इतकंच झालेलं असतं की अर्क थेट अंगावर आला तेव्हा जंतूंची वाढ थांबली.

आता मात्रेचा हिशेब मांडू. कच्च्या अर्काला त्यासाठी बहुधा मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या घरातली मात्रा लागते. जेंटामायसिनला दबणाऱ्या जंतूंसाठी एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतात. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम धरला तरी पाच ग्रॅम अर्क रक्तात फिरता ठेवावा लागेल. हिरड्यातली टॅनिनं तर आतड्यातून जशीच्या तशी फारशी शोषलीच जात नाहीत. खजूर महिनोन्‌महिने टिकतो, तोही एखाद्या जंतुनाशकामुळे नव्हे, मुख्यतः साखरेच्या जोरावर: जंतूंना लागणारं पाणी ती बांधून ठेवते.

यावर आक्षेप येतो: मग परंपरेचं ज्ञान खोटं का? मुळीच नाही. घसा धरला की हिरडा तोंडात धरतात, जखम कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने धुतात. अर्क जिथे थेट पोचतो तिथेच तो वापरायचा, हे परंपरेला ठाऊक होतं. रक्तातल्या जंतुदोषावरचा दावा तिच्या गळ्यात बांधला तो आपण.

त्या जंतुदोषाचं उत्तर गडचिरोलीतच सापडलं. तिथल्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांचा 39 गावांतला नवजात बालकांचा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरी जाऊन जेंटामायसिनची इंजेक्शनं आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल दिलं. उपचार सुरू होण्याआधी जंतुदोष झालेल्या बाळांपैकी 16.6 टक्के दगावत. उपचारांनंतर हे प्रमाण 2.8 टक्क्यांवर आलं.

वनस्पतीतून औषध निघतं, याबद्दल वाद नाही. गडचिरोलीत फॅल्सिपेरम मलेरियावर दिल्या जाणाऱ्या औषधाचं मूळ असलेलं आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतलं. जुन्या ग्रंथातली थंड पाण्याची कृती वाचून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी कमी तापमानाला अर्क काढला, मग शुद्ध रेणू वेगळा झाला, मात्रा ठरली, रुग्णांवर चाचण्या झाल्या. 2015 चं नोबेल मिळालं ते या वाटचालीला. हिरड्यालाही हीच वाट मोकळी आहे आणि ती त्याने चालावी.

तोवर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल, तर काढा उकळत बसू नये. आशाताईंना बोलवावं आणि दवाखाना गाठावा.