न फुटलेला गुंता: हात लावावा की थांबावं?

आज मेंदूतल्या रक्तवाहिन्यांबद्दल बोलायचं आहे, पण खरं तर ही डॉक्टरांमधल्या एका वादाची गोष्ट आहे.

धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाताना संथ होतं आणि मग शिरेत उतरतं. काहींच्या मेंदूत एका जागी या केशवाहिन्याच नसतात. धमनी थेट शिरेला मिळते आणि तिथे वाहिन्यांचा गुंता होतो. त्याला एव्हीएम म्हणतात. जोराचं रक्त झेलणारा हा गुंता कधीतरी फुटू शकतो.

1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढून दाखवला. त्याआधी हा गुंता दिसायचा तो कवटी उघडल्यावरच! पुढे शस्त्रक्रिया सुधारली, गामा किरण आले, नळीतून वाहिनी बंद करता येऊ लागली. मग एमआरआय आला आणि नवाच रुग्ण समोर बसला: डोकेदुखीसाठी आलेला, गुंता सापडलेला, पण रक्तस्राव कधीच न झालेला. त्याचं काय करायचं?

फिनलंडच्या 1990 च्या अभ्यासात रक्तस्रावाचं प्रमाण वर्षाला सुमारे 4 टक्के निघालं. तिशीतल्या माणसासाठी हा आकडा वर्षानुवर्षे जोडत गेलात तर छाती दडपते. म्हणून अनेक सर्जन म्हणत, आत्ताच काढून टाका.

2007 मध्ये ‘अरुबा’ ही चाचणी सुरू झाली. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले: एकाला फक्त औषधं, दुसऱ्याला त्याबरोबर गुंत्यावर उपचार. 2013 मध्ये नव्या रुग्णांची भरती थांबवावी लागली. सरासरी 33 महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात औषधांच्या गटात 10.1 टक्के, उपचारांच्या गटात 30.7 टक्के!

सर्जन खवळले, आणि माझ्या मते त्यांचं निम्मं म्हणणं रास्त होतं. 726 पात्र रुग्णांपैकी 226 च चाचणीत आले. केवळ शस्त्रक्रिया झालेले तर अगदी मोजके. शिवाय उपचाराचा धोका सुरुवातीलाच येतो, गुंत्याचा धोका मात्र आयुष्यभर सोबत राहतो. तिथे 33 महिने कितीसे पुरणार?

2020 मध्ये सरासरी 50 महिन्यांचे निकाल आले. कौल तोच. तरीही छोटा, वरवरचा गुंता असलेला तरुण रुग्ण आला, की आजही दोन अनुभवी डॉक्टर त्याला दोन वेगळे सल्ले देऊ शकतात.