म्हाइंभटांची लेखणी

शाळेंत निबंधाचा तास असला कीं एखादा मुलगा हटकून म्हणे, “गुरुजी, आतांच छान सुचलें होतें, पण गेलें!” ही तक्रार केवळ मुलांची नव्हे. पद्याला निदान छंदाचा आधार असतो; एक चरण आठवला कीं दुसरा त्याच्या मागोमाग येतो. सहज बोलण्यांतील गद्याला तो आधार नसल्यामुळें तें बोलतां बोलतांच विरून जातें. अशा बोलण्याला मराठींत कोणीं व कसें धरून ठेवलें, ही हकीकत आपल्या वऱ्हाडाशीं निगडित आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर व लोणार हीं नांवें महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या चरित्रांत येतात. लोणार येथें यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आला होता, असें ‘लीळाचरित्र’ सांगतें. स्वामी ग्रंथ लिहीत बसले नाहींत. वाटेनें चालतां, कोणी कांहीं विचारतां, त्यांना एखादा दृष्टांत सुचे आणि तो तेथल्या तेथें बोलून होई. हत्ती चांचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत त्यांपैकींच एक. १२७४ च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले, तेव्हां हें सारें धन शिष्यांच्या स्मरणांतच काय तें उरलें.

पट्टशिष्य नागदेवाचार्य अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें राहून त्या लीळांचें नित्य स्मरण करीत. म्हाइंभट हे शास्त्रसंपन्न पंडित. स्मरण करणारा गेला म्हणजे स्मरणही जाईल, हें त्यांनीं ओळखलें आणि १२७८ च्या सुमारास नागदेवाचार्यांना विचारून विचारून लिहून घेण्यास आरंभ केला. ज्या प्रसंगीं नागदेव स्वतः हजर नव्हते, त्यांसाठीं ते प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे गेले. स्थळ कोणतें, सोबत कोण होतें, बोलणें कोणत्या निमित्तानें निघालें, हेंही त्यांनीं टिपलें. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत, तर दुसऱ्याचा पाठही त्याच्या नांवासह ग्रंथांत राहिला. अशा हजाराहून अधिक लीळा एकत्र झाल्या आणि मराठीचा आद्य गद्यग्रंथ उभा राहिला. पुढें केसोबासांनीं स्वामींचे ११४ दृष्टांत वेगळे काढून ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला.

पण लिहिलेलेंही सुरक्षित नसतें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली. तेव्हां हिराइसेसारख्या ज्यांना ती मुखोद्गत होती, त्यांच्या पाठांवरून ती पुनः लिहिली गेली. आधीं लेखणीनें स्मरणाला तारलें आणि मग स्मरणानें लेखणीला तारलें! त्यामुळें अनेक पाठभेद निर्माण झाले. ते पारखून सिद्ध केलेली प्रत १९७८ मध्यें डॉ. वि. भि. कोलते यांनीं प्रसिद्ध केली. कोलत्यांचें जन्मगांव नरवेल हें आपल्याच जिल्ह्यांतील मलकापूर तालुक्यांत आहे, हा योग आपणां सर्वांस अभिमान वाटावा असाच आहे.

म्हाइंभटांनीं जर ‘नागदेव आहेतच, पुढें केव्हां तरी लिहूं’ असें म्हटलें असतें, तर तेराव्या शतकांतील माणसें घरांत, वाटेवर, बाजारांत कसें बोलत, हें आज आपणांस कळलें नसतें. आपल्याही घरीं आजी-आजोबा बोलतात, आपल्यालाही कधीं कांहीं सुचतें. तें त्याच दिवशीं, दोनच ओळींत कां होईना, पण स्थळ आणि सांगणाऱ्याचें नांव यांसह उतरून ठेवावें. सजविण्याचें काम मागाहून करतां येतें. मात्र निसटलेला शब्द मागाहून मिळत नाहीं.