फळा-भाज्यांचे रंग, प्लेटलेट्स आणि हृदय

डेंग्यूच्या साथींमुळे 'प्लेटलेट्स' हा शब्द घरोघरी पोचला. त्यांची संख्या फार घटली की रक्तस्रावाचा धोका संभवतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र, याच प्लेटलेट्स नको त्या ठिकाणी एकमेकींना चिकटल्या, तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. फळा-भाज्यांना रंग देणारी द्रव्ये हे चिकटणे कमी करू शकतात का, याचा शोध शास्त्रज्ञ तीस वर्षांहून अधिक काळ घेत आहेत.

गुठळी कशी होते?

प्लेटलेट्स अर्थात बिंबाणू अस्थिमज्जेत तयार होतात. निरोगी व्यक्तीच्या एक मायक्रोलिटर रक्तात त्या साधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात आणि सात ते दहा दिवस जगतात. रक्तवाहिनीला इजा झाली, की त्या तेथे चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेनसारखी रसायने सोडून इतर प्लेटलेट्सना गोळा करतात. जखम झाल्यावर रक्त थांबते ते यामुळेच. हृदयाच्या धमनीतील मेदाचा थर फुटल्यावरही हेच घडते. तेथे झालेली गुठळी रक्तप्रवाह अडविते. ॲस्पिरिन हे औषध थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती रोखते.

रंग कोणते, कशात?

जांभूळ, कोकम आणि काळ्या द्राक्षांचा जांभळा-लाल रंग अँथोसायनिनमुळे येतो. कांद्यात क्वेर्सेटिन हे फिकट पिवळे द्रव्य असते. ही दोन्ही फ्लॅव्हनॉइड कुळातील आहेत. गाजर आणि आंब्यातील कॅरोटीन तसेच टोमॅटोतील लायकोपीन यांचे कूळ वेगळे आहे.

पुरावा काय सांगतो?

नेदरलँड्समधील झुत्फेन येथील ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. चहा, कांदा व सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्हनॉइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०००मध्ये दहा निरोगी व्यक्तींवरील प्रयोग मांडला. सुमारे आठवडाभर जांभळ्या द्राक्षांचा रस घेतल्यावर त्यांच्या प्लेटलेट्सचे चिकटणे घटले. संत्र्याच्या रसाने मात्र तसा फरक पडला नाही.

तथापि, पहिल्या अभ्यासातून केवळ संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. दुसरा प्रयोग फारच लहान होता. शिवाय, परीक्षानळीत वापरलेल्या मात्रेच्या तुलनेत अन्नातून रक्तात पोचणारे प्रमाण अत्यल्प असते. आतडे आणि यकृत या द्रव्यांचे रूपही पालटतात.

गोळ्यांबाबत सावधगिरी

रंगद्रव्य गोळीतून घेतले, की तोच लाभ मिळेल, हा समज धोकादायक ठरू शकतो. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे १९९४मध्ये निष्पन्न झाले. कोकोतील फ्लॅव्हनॉल रंगहीन असले, तरी फ्लॅव्हनॉइड कुळातीलच आहेत. त्यांच्या अर्काची २१ हजारांहून अधिक अमेरिकी व्यक्तींवर चाचणी झाली. तिच्या २०२२मधील निष्कर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांमध्ये निर्णायक घट आढळली नाही.

हे लक्षात ठेवा

* आहारात विविध रंगांची फळे व भाज्या असाव्यात. मधुमेहींनी रसाऐवजी अख्खे फळ, तेही बेताने खावे.
* ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल परस्पर बंद करू नये. स्टेंट बसविलेल्या रुग्णांत त्यामुळे गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते.
* वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नये. त्यातील 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो.
* अर्क किंवा पूरक गोळ्या घेत असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रंगीत फळे-भाज्या हृदयाला पोषक आहाराचा भाग आहेत, यात शंका नाही. मात्र, ते अन्न आहे. औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.