साठा आपला, चुंबक चीनचे

फेब्रुवारी २०२३मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जम्मूतील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाजित साठा जाहीर केला आणि आता बॅटरीसाठी कुणाचे तोंड पाहायला नको, असा जयघोष सुरू झाला. साठे शोधा, खाणी भराभर लिलावात काढा, स्वावलंबन आपोआप येईल, हे मत आजही रूढ आहे.

ते अगदीच निराधार नाही. ऑगस्ट २०२३च्या कायदादुरुस्तीपर्यंत लिथियम अणुखनिजांच्या यादीत होते. ते बाहेर काढले हे योग्यच झाले. पण वाट मोकळी होऊनही रियासीच्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. अंदाजित साठा म्हणजे गोदामातला माल नव्हे. तो परवडणाऱ्या दरात बाहेर काढता येईल, हे आधी सिद्ध व्हावे लागते.

रियासी हा अपवाद आहे असे कुणी म्हणेल, तर दुर्मीळ मृदा धातू घ्या. केरळ-ओडिशाच्या किनारी वाळूत ते आहेत. केरळात अलुवा येथे त्यांवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना १९५२पासून आहे. तरीही एप्रिल २०२५मध्ये चीनने या धातूंपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचे उत्पादन थांबू शकते, असा इशारा पुण्याच्या बजाज ऑटोला द्यावा लागला. आपल्या वाळूतले, याच चुंबकांसाठी लागणारे निओडिमियम मात्र त्याआधी अनेक वर्षे जपानला जात होते!

म्हणजे घोडे खाणीत नव्हे, खाणीनंतर अडते. हे धातू रासायनिक गुणांत इतके सारखे की वेगळे करताना द्रावणाची तीच क्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागते. मग मिश्रधातू, त्याची काही मायक्रॉनची भुकटी, चुंबकीय क्षेत्रात दाबणे आणि हजार अंशांवरची भट्टी. यातला सुमारे ९० टक्के व्यवहार चीनच्या हाती आहे.

अमेरिकेकडे दुर्मीळ मृदा धातूंची माउंटन पास ही खाण होती. दर कोसळले आणि २०१५मध्ये ती चालवणारी मॉलीकॉर्प दिवाळखोरीत गेली. खाण पुन्हा सुरू झाल्यावरही तिथला माल शुद्धीकरणासाठी वर्षानुवर्षे चीनलाच जात राहिला. अखेर २०२५मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने तिच्या नव्या मालकांना निओडिमियमयुक्त मालासाठी दहा वर्षे किलोमागे ११० डॉलरचा किमान दर बांधून दिला.

आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०२५मध्ये चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. दिशा बरोबर आहे. पण विक्रीवरचे प्रोत्साहन पाच वर्षांचे. त्यानंतर चीनने दर पाडले तर कारखाने कशावर तगणार? किमान दराची हमी नसेल, तर मॉलीकॉर्पचीच गत आपली होईल. तेव्हा किती खाणपट्टे लिलावात काढले, हे सांगत बसण्याऐवजी देशात बनलेली किती टन चुंबके देशातल्या वाहनांत बसली, हा आकडा सरकारने दर वर्षी संसदेपुढे ठेवावा.